सॅन्टनच्या वाटणीचं कार्टून

पापडी गावात सॅन्टनला सातिवलीच्या गोडाउनमधला सुपरवायझर म्हणून फार कमी लोक ओळखतात. 'कार्टूनवाला' म्हटलं की मात्र कोणीही घर दाखवील. वय पंचावन्न, पोट पुढे गेलेलं, केस मागे गेलेले, आणि घरच्या शोकेसमध्ये लग्नात आलेल्या काचेच्या ग्लासांना कोपऱ्यात ढकलून मधोमध मांडलेला डीव्हीडीचा भलामोठा डबा. डब्यात एक इंग्रजी कार्टून मालिका. पृथ्वी बुडाल्यावर दुसरी पृथ्वी शोधत निघालेलं एक मोडकं यान, त्यातली भित्री कॅप्टन, आणि दर भागात फ्रिजसमोर गुडघे टेकून कन्फेशन देणारा रोबो. घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरांनी एकदा तो प्रसंग पाहिला, हसू दाबलं आणि घरावर जरा जास्तच पवित्र पाणी शिंपडलं.

हा डबा सॅन्टनच्या थोरल्या भावानं, डेन्झिलनं, कुवेतहून आणला होता. दोघे भाऊ रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की टीव्हीसमोर बसायचे ते दुपारचं जेवण थंड होईपर्यंत. मग आई गेली, वाडीची वाटणी निघाली, आणि दोन शहाण्यांची डोकी फिरली. कुंपण कुठून घालायचं यावर असे शब्द गेले की कुंपण राहिलं बाजूला, बोलणंच बंद झालं.

वाटणीला पंच म्हणून पास्कलमामा बसला होता. मामा न्यायाचा एवढा पक्का की केळीची लोंगरं तराजूत घालून वाटली. विहीर सामाईक ठेवली. मिक्सर डेन्झिलला, टीव्ही आणि डीव्हीडी प्लेयर सॅन्टनला. शेवटी तो डबा पुढे आला. मामानं झाकण उघडलं, आत चकचकीत तबकड्या पाहिल्या आणि त्याला वाटलं हा जेवणाचा सेट. भांड्यांची वाटणी कशी करायची हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एक तुला, एक ह्याला, एक तुला, एक ह्याला. पत्ते वाटावेत तशी अख्खी मालिका वाटून मामा हात झटकून चहाला गेला. 'मामा, तसं नसतं,' असं म्हणायला दोघांपैकी एकानं तोंड उघडायला हवं होतं. पण आधी बोलला तो हरला, अशी त्या दिवसाची हवा होती.

तेव्हापासून सॅन्टनच्या घरी यान काळ्या विवरात घुसतं आणि पुढच्या सीडीत कॅप्टनचं लग्न लागलेलं असतं. कोणाशी, कसं, विवरातून बाहेर कोणी काढलं, सगळं कुंपणापलीकडे.

त्याचा मुलगा रायन म्हणायचा, "पप्पा, हे सगळं अ‍ॅपवर आहे. कशाला धूळ जमवता?" सॅन्टननं मान तुकवून ते अ‍ॅप घेतलं. चार दिवस मजेत गेले आणि एका सकाळी मालिका गायब. कंपनीनं काढून टाकली, कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. सॅन्टनला दुःख कमी आणि आनंद जास्त झाला. "बघ! माझ्या शोकेसमधून कोण काढतो ते बघू!" असं तो आठवडाभर रायनला ऐकवत होता. मग डबा उघडला, मधल्या रिकाम्या जागा पाहिल्या आणि झाकण लावून टाकलं. खरं सांगायचं तर त्याला मालिकेपेक्षा भावाची आठवण येत होती. आणि ती येते म्हणून भावाचाच राग येत होता.

त्यात यंदा डेन्झिलच्या पेरूला फळ धरलं आणि झाडावर पोपटांना भिववण्यासाठी सीडी लटकल्या. वाडीत सगळेच लटकवतात. पण सकाळच्या उन्हाची तिरीप थेट आपल्या डोळ्यांत आली तेव्हा सॅन्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या विवराचा पुढचा भाग झाडाला टांगलाय त्यानं!" तो बायकोला, सालोमीला म्हणाला.

"मग जा की मागायला."

"मागायला? मी?"

रविवारी डेन्झिल आणि त्याची बायको रेजिना मिस्सेला गेलेली पाहून हा गृहस्थ, चर्चच्या कमिटीचा सभासद, लेंगा खोचून पेरूच्या झाडावर चढला. लेंगा फांदीत अडकला, गुडघा खरचटला, पण एक सीडी हाताला लागली. उन्हानं तिच्यावरची अक्षरं उडाली होती. घरी येऊन त्यानं ती पुसली, छातीवर क्रूस काढला आणि प्लेयरमध्ये घातली.

पडद्यावर चौकोन चौकोन नाचले आणि त्यातून सालोमी उगवली. पांढरा गाऊन, डोक्यावर जाळीची ओढणी, शेजारी केसवाला सॅन्टन. मागे ब्रास बँड.

"हे आपलं लग्न!" आतून आलेली सालोमी ओरडली. "आपलं लग्न झाडाला टांगलंय?"

"मग काय करू!" दारातून आवाज आला. डेन्झिल चर्चच्या कपड्यांतच उभा होता, बगलेत उशीचा अभ्रा. "पुढच्या गल्लीतून तुझे पाय दिसले झाडावर. मिस्सा टाकून तसाच मागे फिरलो, घरातून हे घेतलं नि आलो. आधी आमची गोव्याची सहल टांगली, पोपट येतच राहिले. मग शेजारच्या क्लिफर्डच्या पोराचा बाप्तिस्मा टांगला, तरी येत राहिले. तुझं लग्न टांगलं, त्या दिवसापासून एक पोपट फिरकला नाही."

सालोमीला हसू आवरेना. सॅन्टनला मात्र एकच सुचलं. "मग कार्टूनच्या?"

डेन्झिलनं अभ्रा पुढे केला. आत एकेक सीडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, सणाचे ग्लास गुंडाळावेत तशी.

"त्या टांगीन होय मी?" तो म्हणाला. मग खुर्चीच्या काठावर बसला. "सॅन्टन, माझ्याकडे प्लेयर नाही रे. इतकी वर्षं नुसत्या काढतो, पुसतो, परत ठेवतो. परवा रेजिनानं विचारलं, यात एवढं हसण्यासारखं काय आहे? आणि मला एकही भाग सांगता येईना. रोबो फ्रिजला काय म्हणतो तेसुद्धा आठवेना."

 सॅन्टननं लग्न बाहेर काढलं, सगळ्या सीडी डब्यात ओळीनं लावल्या आणि पहिली आत घातली.

"दादा, पाय वर घेऊन नीट बस," तो म्हणाला, "पहिल्यापासून लावतो."