मायचं अर्धं सूप

फटका माझ्या मनगटावर बसला. गॅलरीच्या बाईच्या हातात गुंडाळलेला कॅटलॉग होता, त्यानंच तिनं मारलं. दुधाच्या पातेल्याकडं वळलेल्या मांजरीला मारतात तसं. जोरात नाही. पण सगळ्यांदेखत.

"हात लावायचा नाही. किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना?"

एकदाही सांगितलं नव्हतं. आणि भिंतीवर टांगलेलं ते सूप माझ्या मायचं होतं.

आम्ही बुरड. सिंदेवाहीकडचे. सूप, टोपल्या, परड्या विणून जगणारे. जन्मलेलं पोर आमच्या सुपात ठेवतात आणि मेलेला माणूस आमच्या बांबूवरून जातो. मधल्या काळात आम्ही कोणाला नको असतो. लहानपणी मायबरोबर मी सूप द्यायला जायची. पाटलीणबाई सूप अंगणात ठेवायला लावायची, वरून पाणी शिंपडायची आणि मगच आत न्यायची. आमचा हात लागलेला असायचा ना. मला रडू यायचं. माय हसायची.

"शिंपडू दे वं. बांबूले पान्याची भीती नसते."

मला तिच्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

आमच्या घरी एक रीत आहे. विणता विणता बाई गेली आणि सूप अर्धं राहिलं, तर ते लेकीनं पुरं करायचं. दुसऱ्या कोणी नाही, लेकीनंच. आणि नवं धान घरात यायच्या आत. मग ते सूप एखाद्या घरी द्यायचं. त्यात नवं धान पाखडलं गेलं, की गेलेल्या बाईचा हात मोकळा होतो. तोवर ती जिथं असेल तिथं विणतच बसलेली असते, असं आम्ही मानतो. कोणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

माय भादव्यात गेली. ओसरीवर बसून विणत होती. मान खाली गेली ती वर आलीच नाही. सूप मांडीवर तसंच होतं. वरचा भाग विणलेला, खाली बांबूच्या मोकळ्या कामट्या पसरलेल्या. मी ते तिच्या मांडीवरून उचललं, आढ्याला टांगलं आणि मगच रडायला बसले.

आमच्याकडं तेव्हा एक साहेब येत असे. मोठा कलाकार. मुंबईचा. आधीपासून यायचा, कॅमेरा घेऊन. मायकडून वेड्यावाकड्या आकाराच्या टोपल्या करून घ्यायचा, ज्यात ना धान राहील ना कोंबडी. माय त्याला चहा द्यायची. तो आमच्या घरचा चहा प्यायचा याचं तिला फार अप्रूप होतं. पाटलीणबाईच्या घरचं कोणी आमचं पाणीसुद्धा प्यालं नव्हतं. म्हणून तो मागेल ते माय करून द्यायची. मलाही तो बरा वाटायचा. खोटं कशाला बोलू.

माय गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो भेटायला आला. मी पोरीला घेऊन बायांबरोबर नदीवर गेले होते. परत आले तर आढ्याला सूप नाही.

बापाला विचारलं. तो भिंतीला टेकून बसला होता.

"साहेबानं नेलं. पाहून वापस देतो म्हणले."

"काऊन देल्लं तुमी? मायचं हाय ते. मले पुरं करायचं हाय."

"मोठा मानूस हाय तो, बाई. दारात आला. त्याले नाई कसा म्हनू?"

मी फोन केले. तो म्हणायचा, आहे ताई, जपून ठेवलंय. तुझ्याच हातात देईन. दसरा गेला, दिवाळी गेली. शिवारात धान पिवळं झालं, कापणीला लोक उतरले. नवं धान घरात आलं की संपलं. मग एक दिवस त्याचाच फोन आला. जंगलाच्या फाटकाजवळच्या रिसॉर्टात त्याचं प्रदर्शन लागणार होतं. तू ये, म्हणाला. पाहुण्यांसमोर बसून थोडं विण. गाडी पाठवतो. आणि जाताना आईचं सूप घेऊन जा.

शेवटच्या वाक्यासाठी मी गेले.

वाघ बघायला येणारे लोक त्या रिसॉर्टात उतरतात. तिथंच ही गॅलरी आहे. पांढऱ्या भिंती, वर बारीक दिवे, आणि ढाका, कोलंबो, लाहोर, काठमांडू अशा कुठल्या कुठल्या कलाकारांची कामं विकायला मांडलेली. जळक्या फळ्यांची एक होडी होती. एक भलीमोठी गोधडी होती, बारीक टाक्यांची. ती मला आवडली. तिच्याजवळ उभं राहावंसं वाटलं. खाली नाव एकाच माणसाचं होतं. एवढी गोधडी त्यानं एकट्यानं शिवली असेल तर त्याला माझा नमस्कार.

मला मागच्या खोलीत नेलं. गॅलरीच्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी माझं चांगलं लुगडं नेसून गेले होते.

"हे नको. हे फार बाजारू दिसतंय."

तिनं दुसरं दिलं. जुनं, विटलेलं. कोणाचं होतं कोण जाणे. मग म्हणाली, घड्याळ काढ. काढलं. चप्पल काढ, अनवाणी छान दिसतं. काढली. मग माझा चष्मा.

"चष्म्याशिवाय मले कामटी दिसत नाई, बाई."

"तुम्हाला तर डोळे मिटून येतं ना हे? काढ. फोटोत बरं दिसत नाही."

मी चष्माही काढला. आज नसता काढला, पण तेव्हा काढला. मायचं सूप मिळायचं होतं. तेवढ्यासाठी मी त्या दिवशी काहीही काढून दिलं असतं.

बाहेर आणून मला चटईवर बसवलं. पाहुणे आले. जंगलातून फिरून आलेले, अंगाला अजून धूळ. माझ्याभोवती वाकून बघायचे. वाघ दिसला नसेल तर मी होते. एकानं माझ्या बोटांचा इतक्या जवळून फोटो काढला की त्याचा श्वास हाताला लागला. मला नाव कोणी विचारलं नाही. मान वर केली तेव्हा समोरच्या भिंतीवर ते दिसलं. चष्मा नव्हता, तरी दिसलं. मायचा हात मला शंभर सुपांत ओळखू येतो.

काचेच्या पेटीत नव्हतं, नुसतं खिळ्याला टांगलं होतं. वरून दिवा. शेजारी पाटी. पाटीवर लाल टिकली. मी उठून गेले. पाटीवर इंग्रजी होतं आणि खाली मराठी. डोळे बारीक करून वाचलं. साहेबाचं नाव. त्याखाली, 'अपूर्ण. बांबू. सापडलेली वस्तू.'

सापडलेली. कुठं सापडली? माझ्या मायच्या मांडीवर?

एक कामटी निसटून बाहेर आली होती. ती आत सारायला माझा हात आपोआप पुढं गेला. आमच्या घरात कोणाचाही जाईल. तेव्हाच तो फटका बसला. बाईच्या मागं एक माणूस उभा होता, हातात पांढरे मोजे घातलेला. त्यानं माझ्यासमोर सूप उचलून सरळ केलं. पाटलीणबाई आमचा हात लागला की पाणी शिंपडायची. इथं आमचा हात लागूच नये याची सोय होती. एवढीच प्रगती.

साहेब हसत आला. खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना म्हणाला, ही त्या विणणाऱ्या बाईची मुलगी.

"साहेब, माह्यं सूप."

"ते गेलं, ताई. विकलं गेलं. ती लाल टिकली त्याचीच. तुझ्यासाठी मी दुसरं काहीतरी ठेवलंय."

"तुमी मले वापस देतो म्हनले."

"अगं, पण ते आता सूप नाहीये. तू समजून घे. ते अर्धं आहे यातच सगळं आहे. तू पुरं केलंस तर त्यात काय उरणार? बाजारात मिळतं तसलं एक सूप."

"मले पुरंच करायचं हाय. नवं धान यायच्या आंधी. नाई तं माह्या मायचा हात मोकळा होनार नाई."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. मला वाटलं, समजलं याला. त्यानं वळून पाहुण्यांना ते इंग्रजीत सांगितलं. सगळे हळहळले. एका बाईनं डोळे पुसले. डोळे पुसून झाल्यावर तिनं माझा फोटो काढला. मग साहेबानं त्याच्या कॅमेऱ्यावाल्याला खूण केली.

"ताई, परत एकदा म्हण. तेच. हात मोकळा होणार नाही, ते. इकडं बघून."

मी पाठ फिरवली. भिंतीकडं गेले, सूप खिळ्यावरून काढलं आणि चटईवर येऊन बसले. विणायला लागले. एक कामटी खाली, एक वर. मला फक्त पुरं करायचं होतं. नंतर त्यांनी ते ठेवून घेतलं असतं तरी चाललं असतं. देवाशपथ चाललं असतं.

बाई ओरडत धावली. तिनं एक बाजू धरली, मी दुसरी. तिनं ओढलं. चष्म्याशिवाय मला धार दिसली नाही. कामटी माझ्या तळहातात आडवी शिरली आणि रक्त सुपावर सांडलं, मायनं विणलेल्या भागावर. बाईनं सूप सोडलं. "कपडा आणा," म्हणाली. कपडा सुपासाठी मागत होती.

"थांबा," साहेब म्हणाला. "पुसू नका."

तो खाली वाकला. माझ्या हाताकडं पाहिलं नाही. सुपाकडं पाहिलं. बराच वेळ.

"राहू द्या. आता पूर्ण झालं."

ज्यानं ते विकत घेतलं होतं तो माणूस मागं उभा होता. त्यानं मान डोलावली. म्हणाला, "असंच पाठवा."

तिथं माझ्यातलं काहीतरी तुटलं. माय मेली तेव्हा तुटलं नव्हतं. हे लोक मायचं मरण घेऊन गेले, मी गप्प होते. माझा चष्मा घेतला, चप्पल घेतली, गप्प होते. आता माझं रक्तही त्यांच्या कामाचं निघालं. मी जे काही करीन, रडेन, भांडेन, मरेन, ते सगळं हे भिंतीला टांगणार. यांच्यापुढं दुःख करायचीसुद्धा सोय नाही.

सुपाला आम्ही पाय लावत नाही. चुकून लागला तर हात लावून कपाळाला लावतो. माझ्या घरातलं रांगतं पोरही सुपाला वळसा घालून जातं.

मी उभी राहिले. सूप जमिनीवर ठेवलं. आणि दोन्ही पायांनी त्यावर चढले.

कडकड वाजलं. मी परत पाय आपटला. अनवाणी छान दिसतं, म्हणाली होती ना बाई. कामट्या तळव्यात घुसत होत्या आणि मी मायचा हात तुडवत होते, एकेक वीण, एकेक पेर. कोणीतरी मला मागून धरलं. मी त्याला चावले. साहेब किंचाळत होता, "अडाणी! अडाणी बाई! काय केलंस तुला कळतंय का?"

मला कळत होतं. त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

सगळे तुकडे मी पदरात भरले. एक काडी ठेवली नाही. मला रिसॉर्टच्या फाटकाबाहेर काढलं. फाटकावरचा शिपाई आमच्या शेजारच्या गावचा होता. वाटलं, एखादा शब्द बोलेल.

"बाई, तुमाले अक्कल हाय का? माही नोकरी गेली असती."

त्यानं फाटक लावून घेतलं. घड्याळ, चष्मा, चप्पल आतच राहिली. माझं चांगलं लुगडंही.

घरी बापाला तुकडे दाखवले. तो त्यांच्याकडं पाहत राहिला. मग माझ्या पायांकडं.

"माय एकडाव मेली होती. आज तू तिले पायानं मारलं."

तेव्हापासून तो माझ्या हातचं जेवतो, पण माझ्याशी बोलत नाही. गावात गोष्ट पसरली. बायका मला विचारतात, किंमत किती होती वं त्याची? सगळ्यांना एवढंच विचारायचं असतं. मी सांगत नाही.

नवं धान आलं. त्याच आठवड्यात साहेबाचा माणूस गाडी घेऊन दारात आला. म्हणाला, तुकडे द्या. साहेबांना राग नाहीये. तुकड्यांचंच काहीतरी करायचं म्हणतायत.

मी चुलीशी होते. "बसा," म्हटलं. बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं आणि त्याच्यासमोर तुकडे चुलीत घातले. वर नव्या तांदळाचं पातेलं ठेवलं. वाळका बांबू, भराभरा पेटला. तो हां हां करत उठला आणि परत बसला. भात झाला. मी बापाला, पोरीला वाढलं, मी जेवले. तो बसून होता. चुलीकडं बघत होता. राख मागेल हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग मी राख काढली, त्याच राखेनं सगळी खरकटी भांडी घासली आणि पाणी नालीत सोडलं.

तो गेला.

मायचा हात मोकळा झाला नाही. आता होणारही नाही. ती विणत बसली असेल आणि ते माझ्यामुळं आहे. त्याचा भार मी कोणावर टाकत नाही. बापानं बोलावं म्हणून मी वाटही बघत नाही.

मी अजून विणते. नवा चष्मा घेतला आहे. आमच्या ओसरीवर कॅमेरा घेऊन कोणी आलं तर मी दारातूनच परत पाठवते, मग तो आमचा चहा प्यायला तयार असो की नसो. आणि माझ्या पोरीला मी आमची रीत बदलून सांगितली आहे. हातात सूप असताना मला मरण आलं तर मी ते पुरं करीन. पुरं झालं नाही तर मोडून मरेन. आणि माझ्यानं मोडणं झालं नाही, तर मला शेवटचं लुगडं नेसवायच्या आधी, रडायच्या आधी, तिनं ते पायाखाली घ्यायचं.