बेडकांची शिडी

आमच्या पोलादपूरच्या रिसॉर्टवर मी मॅनेजर. स्विमिंग पूल आणि त्यातला खोटा धबधबा सांभाळायला एक गडी शिवथरहून येतो. पंप घरघरला की त्याला थोपटत म्हणतो, “दमानं घे गो बाय.”

फिल्टरच्या जाळीत रोज बेडूक अडकतात. “चेकआऊट झाला रे पावण्या,” म्हणत त्यांना हेल्मेटात भरून ओढ्यात सोडतो आणि तेच हेल्मेट घालून घरी जातो.

परवा त्याने बेडकांना आपापलं बाहेर पडता यावं म्हणून पूलच्या काठाला बांबूची शिडी टेकवली. नेमके शेठ आले.

“हे काय?”

“फिल्टरचा पार्ट हाय, शेट. काढला तर पंप चालायचा नाय.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. त्या पार्टवर एक बेडूक निवांत चढत होता.

“ओरिजिनल आहे, शेठ,” मी म्हणालो. “मुंबईहून मागवलाय.”