साउंडरवर शिकलेलं मोर्स

हौशी रेडिओ शिकायला कुणी माझ्याकडे आलं, की मी त्याला दोन सल्ले फुकट देतो. जुना व्हॉल्व्हचा सेट हाती लागला तर उत्साहाच्या भरात थेट बोर्डात लावू नका, आधी सिरीजमध्ये एक बल्ब घाला. आतला कपॅसिटर गेलेला असला तर बल्ब लख्ख पेटेल, सेट वाचेल आणि घरच्यांची बोलणीही वाचतील. दुसरा सल्ला मोर्सचा, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीचा. परीक्षेत जो आवाज येणार आहे, त्याच आवाजावर शिका. लोक हसतात, यात सांगण्यासारखं काय आहे म्हणतात. सांगतो एवढ्यासाठी, की विज्ञानाचा मास्तर असून मी नेमकी तिथेच माती खाल्ली.

कंधारला किल्ल्याच्या वाटेवर एक शिलाईचं दुकान आहे. दुकान मुलगा चालवतो आणि मागच्या खुर्चीत त्याचे वडील बसतात. ते नांदेडच्या तार ऑफिसातून रिटायर झालेले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही म्हणतो. माझ्याकडे रेडिओचा साधा परवाना होता, पण वरच्या वर्गाच्या परवान्यासाठी मोर्सची परीक्षा द्यावी लागते. मोर्स येणारा माणूस गावातच असताना मोबाईलवर कशाला शिकायचं, असा ताठा मला आला आणि शाळा सुटल्यावर मी चाचांकडे जाऊ लागलो.

चाचांनी जपून ठेवलेला साउंडर, म्हणजे तार ऐकायचं यंत्र काढलं. त्यातली पितळी पट्टी चुंबकाने खाली आपटते तेव्हा कट्ट वाजतं, सुटून वर जाते तेव्हाही वाजतं. दोन आवाजांतलं अंतर कमी असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. मशिनींच्या खडखडाटात ते ऐकू यावं म्हणून चाचा साउंडरमागे बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा उभा करायचे. तार ऑफिसातली सवय. तार बंद झाल्यापासून त्यांना हे कुणी शिकवा म्हटलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून माझी वाट बघत बसायचे आणि ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांनाही ऐकवायचे, "सरांची परीक्षा हाय. लई मन लावून शिकून राहिले."

आणि मी खरंच शिकलो. चाचा ठोकत जायचे, मी भराभर लिहीत जायचो. परीक्षेची मला काडीची चिंता नव्हती.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा लातूरच्या एका रेडिओवाल्या मित्राने सरावासाठी आवाजाची फाईल पाठवली. लावली, तर पीं पीं, पीं. यात कट्ट कुठेच नव्हतं, नुसती तुटक शिट्टी. मला एक अक्षर कळेना. तोंडचं पाणी पळालं. मग मित्राचा राग आला, बिचाऱ्याचा काय दोष! परीक्षेत मोर्स शिट्टीच्या आवाजात येतं हे मला ठाऊक असणार असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मोबाईल घेऊन तडक चाचांकडे गेलो. त्यांनी तो कानाशी धरला. "परत लावा," म्हणाले. पुन्हा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "ही तर शिट्टी हाय, सर. ह्यात मला बी काय कळून न्हाई राहिलं."

उभा जन्म तारा वाचण्यात घालवलेला माणूस. त्यांनी डबा बाजूला केला, साउंडर अस्तराच्या तुकड्यात गुंडाळला आणि म्हणाले, "मंजे मी तुम्हाला गलतच शिकवलं." मला फार वाईट वाटलं. नापास झालो असतो तर मी पुन्हा बसलो असतो, त्यात काय. पण चाचांनी तो साउंडर परत कधी बाहेर काढला नसता. आता काहीही करून पास व्हायचं होतं ते त्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. "चाचा, गलती माझी हाय. मीच विचारलं न्हाई. आता दुरुस्तीचं बघा."

ते बराच वेळ कुरकुरले. मग साउंडर उघडला, मोर्स ठोकायची दांडी पुढे ओढली आणि मला फाईल लावायला सांगितली. शिट्टी वाजली की ते दांडी दाबायचे, थांबली की सोडायचे. इकडे शिट्टी, तिकडे साउंडरची कट्ट कट्ट. एकाएकी ते अक्षरं बोलू लागले. "कानाला न्हाई कळत, पण हाताला कळतंय की!"

मग तेच धरलं. शिट्टी ऐकायची, हाताने ठोकायची आणि ठोकलेलं वाचायचं. नंतर साउंडर बाजूला ठेवून नुसतं बोट कापड बेतायच्या टेबलावर वाजवायचं. माझं जमू लागलं. चाचांचं बोट आपटायचं थांबलं की त्यांचं वाचणंही थांबायचं. "तुमचं होऊ द्या," ते म्हणायचे. "माझं आता काय ऱ्हायलंय." आणि नजर दुसरीकडे वळवायचे.

परीक्षा हैदराबादला झाली. शिट्टी सुरू झाली, माझा उजवा हात लिहू लागला आणि डाव्या हाताचं बोट बाकावर वाजू लागलं. एवढ्यात परीक्षक जवळ येऊन हळूच म्हणाले, "बोट वाजवू नका, बाकीच्यांना त्रास होतो." बोट थांबलं तशी दोन-तीन अक्षरं निसटलीच. मग सुचलं आणि मी बुटातला अंगठा हलवायला लागलो. बाहेरून काही दिसत नव्हतं, आवाजही नव्हता. उरलेला सगळा संदेश मी पायाच्या अंगठ्याने वाचला. यापेक्षा जास्त लाज वाटावी अशी परीक्षा कुणी दिली नसेल, पण पास झाल्याचं कळलं तेव्हा मी बाहेरच्या हॉटेलात जाऊन दोन कप चहा पाठोपाठ प्यायलो आणि एकटाच हसत बसलो. खूप दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

कंधारला परतलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लष्करी भंगारातून आणलेला माझा व्हॉल्व्हचा रिसिव्हर घेऊनच दुकानात शिरलो. पास झाल्याचं सांगितलं. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मुलाला चहा सांगायला पाठवलं आणि विचारलं, "बोटानं की कानानं?"

"अंगठ्यानं," मी म्हणालो आणि बूट दाखवला. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

सेट गरम झाला. खिडकीतून एरियलची वायर बाहेर सोडली आणि बटण फिरवत गेलो, तोवर कुणीतरी मोर्स पाठवत असल्याची शिट्टी सापडली. चाचा खुर्ची ओढून पुढे सरकले. अर्धवट शिवलेल्या एका बाहीवर त्यांचं बोट आपटू लागलं आणि तोंडातून एकेक अक्षर पडू लागलं. मी नुसता बघत होतो. हळूहळू बोट मंदावलं, मग बाहीवर पडूनच राहिलं. अक्षरं मात्र येत होती, पहिल्यापेक्षा भराभर.

मला राहवलं नाही. "चाचा, तुमचं बोट बघा!"

"चूप बसा, सर," ते मान न वळवता म्हणाले. "माणूस बोलून राहिला."