अँब्युलन्ससाठी एक फोन

हॅस्किन क्रीक गावात कुणाच्या घरी काय शिजतंय, हे पाद्र्याच्याही आधी अर्लिस ह्रुस्काला कळायचं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, दोन ड्रायर आणि छत्तीस वर्षं त्याच त्या बायका. डोकं अर्लिसच्या हातात गेलं की त्यांची तोंडं सुटायची. ती स्वतः मात्र कमी बोलायची, आणि राजकारणावर तर कधीच नाही. "केसांपुरतं मी बघते, डोक्यातलं तुमचं तुमच्यापाशी ठेवा," असं म्हणायची.

तिचा नवरा व्हर्लिन धान्याच्या कोठारावर कामाला होता. शिवाय तो गावच्या अँब्युलन्सवर होता. ती गाडी गावातलीच माणसं बिनपगारी चालवायची. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. व्हर्लिन एकोणीस वर्षं धावला. पण तरुण पोरं शहराकडे गेली, म्हाताऱ्यांचे गुडघे गेले आणि सरतेशेवटी तिघंच उरले. तिघांच्या बळावर अँब्युलन्स चालत नाही. शेवटी व्हर्लिननेच गाडी धुऊन पुसून लख्ख केली आणि किल्ली काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत नेऊन दिली. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका दुपारी, खिडक्यांना थंडीच्या जादा काचा बसवता बसवता तो शिडीवरून खाली उतरला, गवतावर बसला आणि म्हणाला, "अर्लिस, फोन कर." तिने फोन केला. अँब्युलन्स निघाली ती अडतीस मैलांवरून, मेरिडेलहून. ती येईपर्यंत अर्लिस आणि शेजारचा म्हातारा आळीपाळीने व्हर्लिनची छाती दाबत राहिले. कशी दाबायची ते त्यानेच एकदा स्वयंपाकघरात उशीवर शिकवलं होतं. गाडी आली तेव्हा सत्तेचाळीस मिनिटं होऊन गेली होती. गाडीतून उतरलेला डेल हा व्हर्लिनच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने गुडघे टेकले, नाडी बघितली आणि अर्लिसकडे बघायचं टाळलं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. डेल बशी घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला.

"एक सांगू का? आपल्या राज्यात पोलीस ठेवायची सक्ती आहे, आग विझवणारे ठेवायची आहे. अँब्युलन्स ठेवायची कुणावरच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते कुणाचंच काम नाही. जानेवारीत विधेयक येतंय, प्रत्येक काउंटीने अँब्युलन्स ठेवलीच पाहिजे असं. पण आमदारांना लोकांचे फोन गेले पाहिजेत. एका गावातून वीस फोन गेले ना, तर ते कान टवकारतात."

अर्लिसने उरलेलं जेवण तसंच ठेवलं. डेलचं बोलणं तिच्या मनात रुतलं.

नाताळनंतर पार्लर उघडलं तेव्हा आरशाला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर विधेयकाचा क्रमांक, आमदाराचं नाव, कचेरीचा नंबर आणि खाली तिच्या वाकड्या अक्षरात, 'आपलं नाव, गाव सांगा. विधेयकाच्या बाजूने आहे म्हणा. एवढंच.'

जुनी गिऱ्हाईक लॅव्हॉन कागद वाचून म्हणाली, "अगं, मी केस कुरळे करायला, पर्मला आले, प्रचाराला नाही."

"पर्म चाळीस मिनिटं मुरतो. फोनला दोन लागतात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर केस धुवायला गार पाणी वापरीन."

लॅव्हॉन हसली. व्हर्लिन गेल्यापासून अर्लिसच्या तोंडून थट्टा निघाल्याचं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने डोक्यातल्या रोलरांसकट फोन लावला, नाव चुकीचं लिहून घेणाऱ्या कचेरीतल्या पोरीला दोनदा स्पेलिंग सांगितलं आणि फोन ठेवून म्हणाली, "बिचारी घाबरलीच. मी जरा ओरडले का गं?"

सगळ्याजणी इतक्या सहज तयार झाल्या नाहीत. मार्व्हेलने सरळच सांगितलं, "अर्लिस, तुझं दुःख मला कळतं. पण जमिनीवरचा कर वाढणार आणि तो आमच्याच बोकांडी बसणार. मी नाही करायची." अर्लिसने मान डोलावली आणि तिचे केस नेहमीसारखेच जपून कापले. ती गेल्यावर मात्र खाली पडलेले केस दोनदा झाडले.

आमदार होता कर्टिस टेस्की. त्याची आई ओपल दर शुक्रवारी केस सेट करायला यायची. ती आली की आरशावरचा कागद काढून ठेवावा की राहू द्यावा, हे अर्लिसला कळेना, म्हणून तो तसाच राहिला. ओपलने चष्मा लावून तो वाचला, चष्मा पर्समध्ये ठेवला आणि डोकं मागे टेकवलं. अर्लिसनेही काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत विधिमंडळाच्या समितीपुढे विधेयकाची सुनावणी ठरली. डेलने अर्लिसला आपल्या गाडीतून राजधानीला नेलं. वाटेत तिने कागदावर लिहिलेलं चार वेळा वाचलं. व्हर्लिन कोण होता ते आधी, मग तो दिवस, मग विधेयक का हवं आणि बाकीच्या गावांत काय चाललंय ते. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं.

तिचं नाव पुकारलं. समोर नऊ आमदार, त्यांत कर्टिस डावीकडून तिसरा. लहानपणी त्याचे पहिले केस अर्लिसनेच कापले होते. ती बोलायला लागली. व्हर्लिन बर्फातही गाडी कशी हळुवार चालवायचा, की मागे झोपलेल्या म्हाताऱ्याला खड्डा कळू नये. जेन्सनांच्या सुनेचं बाळ त्याने गाडीतच कसं झेललं आणि आठवडाभर ज्याला त्याला कसं सांगत सुटला. पेजर वाजला की घास तोंडात तसाच ठेवून कसा पळायचा. इतक्या दिवसांत व्हर्लिनबद्दल असं सलग ती कुणापाशीच बोलली नव्हती. तिला थांबताच येईना. घंटी वाजली.

"आभारी आहोत, मिसेस ह्रुस्का," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले.

विधेयकाचं तिने नावही घेतलं नव्हतं. हातातला कागद घडी घातलेला तसाच राहिला होता.

पाच विरुद्ध चार मतांनी विधेयक समितीतच पडलं. कर्टिस त्या पाचांत होता. परतीच्या वाटेवर डेल म्हणाला, "छान बोललात." अर्लिसने कागद पर्समध्ये कोंबला. "मी घोळ घातला," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी ओपल आली. अर्लिसने तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, डोकं मागे टेकवलं, पाणी सोडलं. डोळे मिटूनच ओपल म्हणाली, "मी केला होता फोन. दोनदा."

"घरी?"

"नाही गं. कचेरीत. तू लिहिलं होतंस तसाच. नाव, गाव. त्या पोरीला म्हटलं, त्याची आई आहे हे नको लिहूस, मतदार लिही."

अर्लिसचे हात थांबले. "तुम्हाला वाईट वाटलं असेल, ओपल."

"मुलगा आहे. रविवारी जेवायला येतो. काय करू?" ओपल म्हणाली. "पाणी जरा कोमट कर."

दुसऱ्या वर्षी विधेयक पुन्हा आलं, पुन्हा पडलं. अर्लिस राजधानीला गेली नाही. फोन मात्र करवत राहिली. आरशावरचा कागद बदलला, क्रमांक बदलला. त्या वर्षी मार्व्हेलचा दीर घरातच कोसळला आणि मेरिडेलची गाडी येईपर्यंत तास गेला. मार्व्हेल पार्लरमध्ये आली, नंबर फिरवला आणि आपलं नाव सांगता सांगता रडायला लागली.

तिसऱ्या वर्षी विधेयक मंजूर झालं. काउंट्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत मिळाली. म्हणजे हॅस्किन क्रीकला गाडी यायला अजून अवकाशच होता. ती बातमी द्यायला कर्टिसने स्वतः पार्लरमध्ये फोन केला. या वेळी त्याने बाजूने मत दिलं होतं.

"तुमच्या गावातून सगळ्यात जास्त फोन आले, मिसेस ह्रुस्का. तुम्हाला सांगावंसं वाटलं."

"बरं केलंस," अर्लिस म्हणाली. मग तिने विचारलं, "कर्टिस, खरं सांग. पहिल्या वेळी मी नीट बोलले असते, तर तेव्हाच झालं असतं का रे?"

"नाही हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बोलायला उभ्या राहिलात त्याच्या आदल्या दिवशीच आमची मतं ठरली होती."

तिच्या मनावरचं ओझं उतरेल असंच त्याला वाटलं असणार. अर्लिसने त्याचे आभार मानले, आईची चौकशी केली आणि फोन ठेवला. व्हर्लिनची ती सगळी हकिकत नऊ माणसांनी ऐकली होती, आणि ऐकताना मत काय द्यायचं ते त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

ड्रायरखालून लॅव्हॉनने हाक मारली, "अर्लिस, काय गं, कोण होतं?"

"कर्टिस. झालं म्हणे मंजूर."

"मग रडतेस कशाला?"

अर्लिसने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले, तिच्याजवळ गेली आणि ड्रायर बंद करून लॅव्हॉनच्या केसांतले रोलर एकेक करून सोडवायला लागली.