कुलर बंद, पिस्तूल भरलेलं

मे महिन्याच्या दुपारी आंजीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. घराघरांत कुलर घुरघुरत असतात आणि त्यांच्यापुढे चटईवर माणसं आडवी झालेली असतात. गल्लीत एकच घर मुकं, मनोहररावांचं. खिडकीत कुलर आहे, टाकीत पाणी आहे, वाळ्याच्या ताट्या नव्या आहेत, पण बटण बंद. आत बनियनवर, घामानं निथळत, उशीखाली हात खुपसून मनोहरराव डोळे मिटून जागे. उशीखाली काय आहे ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? आणलं त्या दिवशी हिरालालच्या किराणा दुकानापुढून जाताना त्यांनी स्कूटर जरा जास्तच हळू चालवली होती.

तसे मनोहरराव दिखाऊ नव्हेत. उभी नोकरी विजेच्या खांबावर गेली. लाइनमन म्हणून लागले, लाइनमन म्हणूनच सुटले. एकदा खांबावरून खाली आले ते शिडी न वापरता. जीव वाचला, पण उजव्या हाताचा अंगठा सांध्यात आखडला तो आखडलाच. मतदानाच्या दिवशी शाई लावणाऱ्यालाही तो अंगठा धरून पाहायचा मोह व्हायचा, एवढा त्या हाताचा गल्लीत बोलबाला. तंबाखू मळायला त्यांना डावा अंगठा लागे. "काका, एका हातानं चुना लावता, एका हातानं लाइन जोडता, काकूले कोणत्या हातानं भेता?" असं पोरं विचारायची आणि मनोहरराव हसायचे. हसायचे, तेव्हाची ही गोष्ट.

मग दोन वर्षांमागचा मे आला. भर दुपारी दोघं जण दारात आले. "मीटर पाहाले आलो," म्हणाले. आता लाइनमनच्या बायकोला मीटरवाला म्हणजे घरचाच माणूस. कुसुमबाईंनी कडी तर काढलीच, वर माठातलं पाणीही दिलं. पाणी पिऊन एकानं त्यांचं तोंड दाबलं, दुसऱ्यानं गळ्यातली पोत ओढली. बांगड्या निघेनात म्हणून मनगट पिरगाळलं, ते मोडलं. तोंडावरचा हात जरा सैल झाला तशी कुसुमबाईंनी हाक मारली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा मारली. मधल्या दारापलीकडे, कुलरच्या तोंडाशी, मनोहरराव घोरत होते.

तेवढ्यात लाइन गेली. कुलर थांबला, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. धावत आले तर एक फाटकाबाहेर पडलेला आणि दुसरा बाहेर पडता पडता मागे वळून पाहत होता. त्याचा चेहरा मनोहररावांनी ठाण्यात ओळखला, कोर्टातही ओळखला. तो पोरगा जामिनावर सुटला आणि एक दिवस हिरालालच्या दुकानापाशी त्यांना म्हणाला, "काका, तब्येत गिब्येत बरी हाय ना? दुपारची झोप येते ना?"

तिथून कुसुमबाई खचल्या. दिवसा कोणी फाटक वाजवलं की पदर तोंडात घालून कोपऱ्यात उभ्या राहायच्या. शेवटी त्यांचा भाऊ कवडू आला आणि त्यांना गिरडला घेऊन गेला. जाताना मनोहरराव म्हणाले, "मी बंदोबस्त करतो. मंग येजो." कुसुमबाई म्हणाल्या, "मले बंदोबस्त नोको जी. मी हाक मारली तं तुमाले आयकू यावं, बस."

मनोहररावांनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. कुलर बंद केला. आणि साक्षीदार म्हणून जिवाला धोका आहे असा अर्ज करून, चपला झिजवून लायसन्स मिळवलं.

नागपूरच्या हत्यारांच्या दुकानात त्यांनी काचेखाली पाहिलं आणि बोट थेट सगळ्यात मोठ्या पिस्तुलावर ठेवलं. काळंभोर, हातभर वाटावं असं. दुकानदार जुना, चष्म्यावरून पाहणारा. त्यानं पिस्तूल रिकामं करून पुढं केलं. "साहेब, ही चीज चांगली आहे. पण समजून घ्या. याचा घोडा, हा मागचा खटका, आधी मागे ओढावा लागते, मंगच चाप काम करते. आणि घोडा एकदा मागे गेला का चाप लोण्यासारखा. म्हणून ही कळ. कळ वर, तर बंद. अंगठ्यानं खाली केली, तर चालू."

मनोहररावांनी पिस्तूल मुठीत घेतलं. मूठ झकास भरली. अंगठा कळीपर्यंत पोचला आणि तिथंच आडून बसला.

"हे काय?" दुकानदारानं विचारलं.

"खांबावरचं बक्षीस."

"मग रिव्हॉल्व्हर घ्या ना साहेब. ना कळ, ना काही. चाप दाबला का झालं. लहान आहे, खिशात राहते."

"लहान पाहून चोर हासन."

"चोराला हसवायचं आहे का वाचायचं आहे?"

मनोहररावांनी तेच मोठं पिस्तूल पुढं सरकवलं. चोर पळताना मागे वळून पाहत होता, तो चेहरा त्यांना पुन्हा वळलेला पाहायचा होता आणि या वेळी त्यावर भीती पाहायची होती. लहान पिस्तुलानं ते काम झालं नसतं. तेवढ्यासाठी एवढा मोठा लोखंडी तुकडा घरी आला.

पारख मात्र त्यांनी इमानदारीनं केली. नागपूरला नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आले. सावकाश, डाव्या हातानं कळ उघडून, श्वास धरून झाडलेल्या गोळ्या पुठ्ठ्याला लागल्या. शिकवणारा म्हणाला, "नेम चांगला आहे काका. पण घाई असते तेव्हा डावा हात कुठे असेल, देव जाणे." घरी आल्यावर रिकामं पिस्तूल घेऊन सराव सुरू झाला. कमरेला खोचलं तर पायजामा खाली येऊ लागला. शेजारच्या सुमित्राबाईंनी गच्चीवरून ते पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीनं हसून घेतलं. पिशवीत ठेवलं तर काढता काढता चोर चहा पिऊन गेला असता. घोडा न ओढता ठेवावं तर ऐन वेळी त्या अंगठ्यानं ओढला जाईना. शेवटी ठरलं: भरलेलं, घोडा ओढलेला, कळ वर, उशीखाली. मग काम उरतं एकच, अंगठ्यानं कळ खाली करायची. ती कधी व्हायची, कधी नाही. मनोहररावांनी जेव्हा झाली तेव्हाचं लक्षात ठेवलं.

मग त्यांनी गिरडला फोन केला. "कुसुम, सारं तयार हाय. आता भ्याचं काम नाई."

"कुलर लावता का?"

"नाई लावत."

"एवढ्या उन्हात?"

"सारं आयकू येते. पान पडलं तरी."

कुसुमबाई म्हणाल्या, "पाहीन मी."

त्यांनी पाहिलं ते असं, की न कळवताच निघाल्या. गिरडहून जामला आल्या, तिथून वर्ध्याला, तिथून आंजीच्या गाडीत बसल्या आणि ऐन दुपारी थांब्यावर उतरल्या. पिशवीत कवडूच्या वाडीतली वांगी होती. पुढचं फाटक त्यांना नको होतं, त्या फाटकातूनच तो दिवस आत आला होता. म्हणून मागच्या बोळातून आल्या. मागच्या दाराची कडी बाहेरून सुतळी ओढून निघते, हे घरच्यांनाच माहीत. नवरा झोपला असेल म्हणून पाय न वाजवता आत शिरल्या. तहान लागली होती. माठावरचा गडू उचलला आणि तो हातातून जरासा घसरून झाकणीवर वाजला. मोडलेलं मनगट अजून धड पकडत नव्हतं.

मनोहररावांना ऐकू आलं. दोन वर्षं ज्यासाठी घाम गाळला, ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.

ते उठले. पिस्तूल हातात आलं, हात समोर गेला, ते दारात उभे राहिले. बाहेरच्या उजेडापुढे कोणीतरी काळं उभं होतं.

"कोण हाय?"

उत्तर नाही. त्या दिवसापासून भीती वाटली की कुसुमबाईंचा आवाज गळ्यातच राहायचा. एकदा मारलेली हाक कोणी घेतली नव्हती, पुन्हा मारायला आवाजच तयार होत नसे.

"कोण हाय, सांग!"

मनोहररावांनी अंगठा कळीवर दाबला आणि चाप ओढला.

काहीच झालं नाही. चाप दगडासारखा. कळ वरच होती. आखडलेला अंगठा तिच्या बाजूनं घसरून गेला होता.

मग त्यांना वांगी दिसली. हातून सुटलेल्या पिशवीतून जमिनीवर घरंगळत चाललेली लहान लहान वांगी. आणि मोडलेल्या मनगटावरची सैल, एकच एक काचेची बांगडी.

पिस्तूल त्यांनी खाली ठेवलं नाही, ते दोन्ही हातांनी छातीशी धरून भिंतीला टेकून खालीच बसले. कुसुमबाईंनी वाकून एकेक वांगं वेचलं, पिशवीत भरलं, आणि विचारलं, "तुमी दाबलं का जी?"

नाही म्हणता आलं असतं. आवाज झाला नव्हता, धूर नव्हता, साक्षीला कोणी नव्हतं.

"दाबलं," मनोहरराव म्हणाले.

कुसुमबाईंनी मान हलवली. माठातलं पाणी प्यायल्या, त्यांनाही दिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हंजे चोर असता तं तोही वाचला असता."

त्या संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. मनोहरराव पिशवी घेऊन थांब्यापर्यंत गेले. वांगी घरीच ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं, कुसुमबाई हो म्हणाल्या. हिरालालनं दुकानातून हटकलं, "काऊन काकू, आल्या आल्या चालल्या? काकांनी भेवाडलं का?" गल्लीत हा विनोद नंतर पुष्कळ दिवस चालला. खरं काय झालं ते कळलं तेव्हा चालायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी पिस्तूल ठाण्यात जमा केलं. ठाणेदारानं विचारलं, "मशीन खराब आहे का?" ते म्हणाले, "नाई. मशीन बरोबर हाय."

आता गिरडहून रोज दुपारी फोन येतो. जेवले का, भाजी काय केली, एवढंच. शेवटी कुसुमबाई विचारतात, "कुलर लावला ना? लय ऊन हाय. लावत जा."

"लावला," मनोहरराव सांगतात.

फोनमध्ये कुलरचा आवाज येत नाही, हे मनोहररावांनाही माहीत आहे आणि कुसुमबाईंनाही.