वच्छीचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवालासुद्धा नाही — त्याच्यापुढे बसले की मी गुडघ्यांचं बोलते, पावसाचं बोलते आणि उठते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, वच्छीला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

वच्छी माझी मुलगी. म्हणजे — सवतीची. तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी उमरेडच्या कोष्ट्याची पोर. जर्मनीची पहिली लढाई अजून व्हायची होती, तेव्हा मला नागपुरात बर्डीवर दिली, एका शाळामास्तरांना. बिजवर होते. घरात त्यांची मोठी विधवा बहीण आणि आठेक वर्षांची वच्छी. लग्नातच माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. मेलेल्या पहिलीनं नवीला छळू नये म्हणून दुसरेपणाच्या बाईला तो घालावा लागतो, त्यावर पहिलीची मूर्ती उठवलेली असते. माझ्या सवतीचं नाव द्वारका. तिला मी कधी पाहिलं नाही. पण ती दिवसभर माझ्या छातीवर असायची, आणि घरात पाऊल टाकलं की समोर, काचेच्या पेटीत.

ही पेटी म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या कुणा साहेबाची बदली झाली तेव्हा लिलावात घेतलेली. चार बाजूंनी काच, लोखंडी चौकट, आत पाणी. साहेबानं त्यात मासे ठेवले होते म्हणे. द्वारकेनं झाडं लावली. मासे होते दोन-चार, पण ते आपले पाहुण्यासारखे. घर झाडांचं होतं. फितीसारख्या लांब पानांचं एक, आणि मांजराच्या शेपटासारखं मऊ, झुबकेदार एक. फुटाळ्याच्या तलावातून ती स्वतः निवडून आणायची. तिचं सगळं शास्त्र वच्छीला तोंडपाठ होतं. जे आधीपासून पुरतं पाण्याखाली जगतं तेच आणायचं. तळाला तलावाचा गाळ, वर धुतलेली वाळू. मुळं वाळूत दाबायची, पण गड्डा उघडा ठेवायचा. पिवळं पान नखानं खुडायचं. ऊन सकाळचंच द्यायचं, दुपारी पडदा ओढायचा. आणि पाणी उडून कमी झालं की भर घालायची ती शिळ्या पाण्याची. वच्छी सकाळी विहिरीवरून पितळी कळशी भरून ठेवायची, ती दिवसभर तशीच राहायची, आणि शाळेतून आली की स्टुलावर चढून ते पाणी पेटीत सोडायची. हळू, वाळू हलू नये अशी.

ही कळशी लक्षात ठेवा.

संध्याकाळी मास्तर पेटीसमोर खुर्ची टाकून बसत. बापलेकीचं बोलणं चाले — नवा कोंब कुठे फुटला, फितीचा धुमारा वाळूखालून किती लांब गेला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. कुणी मला ये म्हटलं नाही, कुणी येऊ नको असंही म्हटलं नाही. वच्छी मला 'तुम्ही' म्हणायची. 'आईची झाडं' म्हणताना मात्र तिचा आवाज कसा भरून यायचा! मला पोरीचा राग येत होता का? नाही हो. मला राग येत होता तो त्या हिरव्या पानांचा. बाई मरून गेली आणि तिची पानं वाढताहेत, हे मला सोसेना.

तरी मी प्रयत्न केला, हेही खरंच. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा उमरेडच्या तळ्यातून एक झाड उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. पाण्यावर मान काढून उभं होतं, निळी फुलं होती त्याला. मला वाटलं, ह्यांच्या पेटीत फूल कुठे आहे? मी माझ्या हातानं ते लावलं. चार दिवसांत ते काळं पडलं, सडलं, पाण्याला वास येऊ लागला. मास्तर काही ओरडले नाहीत. हसले. "हे पाण्यावरचं झाड आहे वं, बुडवलं तं सडनच," म्हणाले. मग वच्छीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "साऱ्यायच्या हाताले नाही लागत झाड. हिच्या मायचा हात हिले आला."

एवढंच. यात मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण मी सडलेलं झाड उकिरड्यावर टाकून आले आणि ते वाक्य घेऊन बसले. भाकरी थापताना हात दिसला की तेच आठवायचं.

आता सांगते — पुढचं लिहायला हात रेंगाळतो आहे, पण सांगते.

दुपारी घर रिकामं असायचं. मास्तर शाळेत, वच्छी शाळेत, वच्छीची आत्या झोपलेली. मी बरणीतून मूठभर खडेमीठ घेतलं आणि वच्छीच्या कळशीत टाकलं. पळीनं ढवळलं. पाणी तसंच दिसत होतं, स्वच्छ. पेटीत थेट का नाही टाकलं? याचं उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं. मला पोरीच्या हातून ते व्हायला हवं होतं.

संध्याकाळी वच्छी स्टुलावर चढली आणि तिनं हळूच पाणी सोडलं. वाळू हलली नाही.

मी एकदा करून थांबले असते तर — पण नाही थांबले. दुसऱ्या दिवशी टाकलं, तिसऱ्या दिवशी टाकलं, रोज टाकत गेले. आधी झुबक्याचे केस गळाले. मग फितीची पानं काचेसारखी आरपार झाली आणि बोट लागलं की विरघळू लागली. एक मासा उलटा तरंगला तेव्हा उरलेले मास्तरांनी तलावात नेऊन सोडले. वच्छी वेडी झाली होती. पडदा ओढून बघ, पडदा काढून बघ, खुडून बघ. "काहून मरून राहिले असतीन हो?" मला विचारायची. मला! आणि पेटीतलं पाणी बिघडलं असेल म्हणून ते थोडं काढून ती त्याच कळशीतलं पाणी आणखी घालायची. मी पाहत होते. एकदा काय उरलंय ते बघायला मी पेटीवर वाकले तर गळ्यातला टाक काचेवर टक्कन वाजला. मी दचकले. तरीही त्या दुपारी मी बरणी उघडलीच.

शेवटी पेटीत नुसतं पाणी आणि वाळू राहिली. मास्तरांनी पेटी अंगणात नेऊन उपडी केली. पोरीला मारलं नाही, रागावलेही नाहीत. "तुह्या हाती द्यालेच नव्हतं पाहिजे," एवढंच म्हणाले आणि आत गेले. वच्छी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत उभी राहिली. ते मी पाहिलं आहे. अजून पाहते.

आत्या म्हणाल्या, पोरीच्या हाताला कुणाची तरी नजर लागली, मीठ-मोहऱ्या उतरव. उतरवणारी म्हणजे मी! मी त्याच बरणीतलं मीठ घेतलं, मोहऱ्या, लाल मिरच्या घेतल्या, वच्छीला पाटावर बसवलं आणि तिच्यावरून मूठ ओवाळली. पोर डोळे मिटून, हात पुढे करून बसली होती. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका आला नाही. नजर जबर होती, आत्या म्हणाल्या. वच्छीनं डोळे उघडले आणि माझ्या लुगड्याला धरून विचारलं, "आई, आता माझा हात चांगला होईन ना वं?"

आई. पहिल्यांदाच म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. बोलायचं होतं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलले तर तो शब्द जाणार होता, आणि तो मला ठेवायचा होता. त्यानंतर मी काय करणार? पोरीवर जीव लावला, खरंच लावला. पेटीच्या रिकाम्या मेजावर पाटी ठेवून तिनं मला अक्षरं शिकवली. ही लिहिते आहे तीच अक्षरं. मला पोटचं मूल झालं नाही, आणि त्याची उणीव तिनं कधी भासू दिली नाही. मास्तर शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होते तेव्हा त्यांना सांगता आलं असतं. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तिला सांगता आलं असतं. दरवेळी मी दुसरंच काहीतरी बोलले.

आता दुसरी लढाई चालू आहे. मी कळमेश्वरला वच्छीच्या घरी राहते, तिच्या हातचं जेवते. तिच्या अंगणात तिनं लावलेलं एक झाड नाही. तुळस आहे, पण तिला पाणी शेजारीण घालते. कुणी विचारलं की वच्छी हसून सांगते, माझा हात वाईट आहे, लहानपणी मी आईची झाडं मारली. मी तिथंच बसलेली असते.

गेल्या पावसाळ्यात तिच्या लेकीनं मोगऱ्याचं रोप आणलं आणि लावायला तिच्यापुढे धरलं. वच्छीनं दोन्ही हात पदरात घेतले. चाळिशीला आलेली बाई, लहान पोरीसारखे हात लपवते! "मले नोको देऊ वं," म्हणाली, "आजीले दे."

रोप माझ्याकडे आलं. मी ते घेतलं. खड्डा केला, मुळं दाबली, पाणी घातलं. ते लागलं. वाढलं. परवा वच्छीनं त्याची पहिली फुलं ओंजळीत भरून आणली आणि माझ्यापुढे बसली.

"आई," म्हणाली, "तुह्या हाताले लय गुण आहे वं."

मी हात पुढे केले आणि फुलं घेतली.