पिठीसाखर दोनदा

गल्ली तिला साखरवहिनी म्हणे, पण स्वभावाने बाई मिरचीच. तिच्या छोट्या बेकरीत खपायची ती एकच चीज: लोण्यात मळलेली, अक्रोडाचा चुरा घातलेली, पिठीसाखरेत घोळलेली गोल बिस्किटं. कृती सासूबाईंची. लग्न होऊन आल्यावर वहिनीने तीत एकच बदल केला. सासूबाई बिस्किटं गार झाल्यावर साखरेत घोळायच्या. ही कोमट असताना एकदा घोळी आणि गार झाल्यावर पुन्हा. पहिली साखर चिकटते, दुसरी भुरभुरीत राहते. एवढंसं निमित्त, पण थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, अशा भडकल्या की विचारू नका!

"आईच्या हातचं बिघडवलंस. मी याला तोंड लावणार नाही."

आणि खरंच लावलं नाही. सासूबाई गेल्या, पुढे वहिनीचा नवराही गेला. वन्सं गल्ल्यावर बसून रोज तीच बिस्किटं विकत राहिल्या, पण कधी तुकडा मोडला नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

मग वहिनीला ताप आला. ताप गेला तो वास घेऊनच गेला. दूध करपलं तरी कळेना. जिभेला गोड-खारट तेवढं समजे, बाकी सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कदाचित नाहीही येणार." घ्या, हे काय उत्तर झालं? वहिनीने कोणाला पत्ता लागू दिला नाही.

एका सकाळी समोरचे शिंपीकाका पुडा घेऊन परत आले. "रागावू नका वहिनी, पण आज अक्रोड खवट लागतोय."

वन्संनी पुडा नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हे तुला कळलं नाही?"

वहिनीने खवट अक्रोडाची अख्खी परात मळली होती, भाजली होती, साखरेत घोळून विकायला मांडली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका गेल्यावर तिने खरं काय ते सांगून टाकलं.

वन्सं म्हणाल्या, "भट्टी बंद करू. दुकान भाड्याने देऊ. लोकांना खवट खाऊ घालण्यापेक्षा ते बरं."

"भट्टी बंद होणार नाही," वहिनी म्हणाली. "मला दुसरं काही येत नाही, आणि यायला नकोय."

ती कंबर कसून कामाला लागली. आजवर अक्रोड नाकावर भाजले होते, आता कान लावून भाजू लागली. पहिला ट्रे कोळसा, दुसरा कच्चा. वन्सं गल्ल्यावरून "वा, वा!" करत होत्या. ऐकत होती बिचारी. मग तडतड कधी मंदावते ते कानाला कळायला लागलं. एक अक्रोड मोडून आतला रंग बघायचा, चिमटीत चोळून साल सुटते का पाहायचं. भाजणं जमलं. पण खवटपणा ना दिसतो, ना ऐकू येतो. तिथे घोडं अडलं.

शेवटी तिने ताज्या बिस्किटांची बशी वन्संपुढे ठेवली.

"चाखून सांगा. खवट असेल तर मी माझ्या हाताने भट्टी विझवते."

"मीच का? शिंपीकाकांना विचार."

"ते भिडेखातर गोडच म्हणतील. तुम्ही माझी भीड आजवर कधी धरलीत?"

"मी तोंड लावणार नाही म्हटलंय."

"माहीत आहे. तुमचा हट्ट मोठा की आईंची भट्टी, तुम्हीच ठरवा."

वन्संनी बिस्किट उचललं. चावलं. साखर हनुवटीवर सांडली. वहिनीचा जीव टांगणीला.

"अक्रोड ताजा आहे," त्या म्हणाल्या आणि उरलेलं अर्धं बिस्किट तोंडात टाकलं.

वहिनी तिथेच स्टुलावर बसली. "आणि कसं लागतं, वन्सं? सांगा ना. मला आता कळत नाही हो."

इतकी वर्षं हीच बाई रोज हे करत होती आणि आपण ढुंकूनही पाहिलं नाही, याचं वन्संना फार वाईट वाटलं.

"आधी साखर लागते," त्या हळूहळू सांगू लागल्या. "मग लोणी विरघळतं. संपलं वाटतं, तेवढ्यात अक्रोड येतो. शेवटी जरासा कडवट. म्हणून दुसरं घ्यावंसं वाटतं."

वहिनी डोळे मिटून ऐकत होती.

"आईची अशी नव्हती लागत," वन्सं म्हणाल्या. "साखर दोनदाच लावत जा. आणि उद्यापासून अक्रोड माझ्यासमोर फोडायचे, आधी मी चाखणार."

वहिनी पदराने डोळे पुसत उठली. मागचा ट्रे कोमट झाला होता, पहिल्या साखरेची वेळ झाली होती. वन्संनी गल्ला बंद केला आणि हात धुवायला गेल्या.